दोन गावांच्या मधली जमीन

सुरतेहून परत आले तेव्हा ओट्यावर येणारी प्रत्येक बाई मला एकच विचारायची, "साड्या पाह्यल्या का हो?" पाहिल्या. हातगाडीवर, सायकलवर, माणसांच्या डोक्यावर साड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे जाताना पाहिले. पण मी काही साड्यांसाठी गेले नव्हते. दोन गावांचं जुनं भांडण कसं मिटतं ते बघायला गेले होते, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत मिटलंही. तरी त्या प्रवासाची गोष्ट आनंदाची म्हणून मला सांगता येत नाही. जशी घडली तशी सांगते.

मी आमच्या गावात बालवाडी चालवत होते. बायकांचं आरक्षण आलं, आमच्या गावाला सरपंचपद बाईसाठी निघालं, आणि माझी बालवाडी सुटून ग्रामपंचायत सुरू झाली. आमचं गाव तालुक्याच्या गावाला अगदी खेटून आहे. तिथली वस्ती फुगत फुगत आमच्या शिवारात शिरली होती. एक दिवस नगरपालिकेनं आम्हा आजूबाजूच्या गावांना बोलावलं आणि म्हटलं, रस्ते कुठून जायचे, घरं कुठं व्हायची, कचरा कुठं टाकायचा, हे सगळे मिळून ठरवू. आम्हाला वाटलं, कचरा आमच्याकडं येणार आणि पाणी त्यांच्याकडं जाणार. बैठकीत नुसती आरडाओरड झाली.

तेव्हा तालुक्याचे एक साहेब मला म्हणाले, "सरपंचबाई, तुम्ही एकदा सुरतेला जाऊन या. दिंडोलीच्या पुढं दोन गावं आहेत. शहर त्यांच्या अंगावर आलंय. वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडत होती, आता एकच आराखडा करतायत. त्यांची शेवटची बैठक आहे."

दिंडोलीकडं माझी धाकटी बहीण शांता राहते. म्हणून मी लगेच हो म्हटलं.

नवापूर

माझ्याबरोबर आमचे उपसरपंच दगाजी अण्णा होते. साठीचे, धोतर-टोपीतले, जन्मात कधी गुजरातेत न गेलेले. नरडाण्याला गाडीत बसल्यापासून ते खिडकीशी चिकटले होते. नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे हे त्यांनी ऐकलं होतं. गाडी थांबताच ते खाली उतरले आणि फलाटावरची ती रेघ शोधून तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभे राहिले.

"ताई, आता मला कोणी मारलं तर पोलीस कुठला येईल?" त्यांनी विचारलं.

चहावाला म्हणाला, "काका, कुठलाच नाही येणार." सगळे हसले. मीही हसले.

उधन्याला उतरायची एवढी घाई झाली की अण्णांची एक चप्पल डब्यातच राहिली. गाडी पुढं सुरतेला निघून गेली आणि अण्णा एक चप्पल हातात घेऊन गर्दीत उभे. शेवटी माझ्या भाच्याच्या, राजूच्या, रबरी सपाता घालूनच त्यांनी सगळी सुरत पाहिली.

दिंडोलीच्या पुढं

उधन्याहून रिक्षानं जाताना मला क्षणभर वाटलं, आपण गाडीत बसून पुन्हा खान्देशातच उतरलो. दुकानांवर मराठी पाट्या, टपरीवर शेवभाजी, भाजीच्या गाड्यावर भरताची वांगी. फरक एकच. आमच्याकडं गावात शिरताना कुत्री भुंकतात, इथं लूम, म्हणजे यंत्रमाग, ऐकू येतात. पत्र्याच्या शेडमधून खटक-खटक, खटक-खटक. दोन माणसं बोलत असली तर त्या आवाजावर आवाज चढवून बोलतात, आणि घरी आल्यावरही तसंच बोलत राहतात.

उत्तरायण जवळ आलं होतं. आपल्याकडं संक्रांतीला बायकांच्या हळदीकुंकवाची धांदल असते, तिकडं सगळी गडबड पतंगांची. रस्त्याच्या कडेला खांबाखांबाला दोरा ताणून पोरं त्याला गुलाबी रंग चढवत होती. रिक्षातून उतरताना माझ्या पदराला तो रंग लागला. अजून गेलेला नाही.

शांता दारातच उभी होती. "उनी मनी ताई!" म्हणून तिनं मला मिठी मारली. तिचं घर म्हणजे खाली एक खोली, वर एक खोली आणि मधे लोखंडी शिडी. तिचे यजमान भगवानराव आणि मुलगा राजू दोघंही लूमवर. एकाची दिवसपाळी, एकाची रातपाळी. त्यामुळं त्या घरात कायम कोणीतरी झोपलेलं असतं आणि बायका कायम हळू आवाजात भांडी घासतात. राजूची बायको मंगल नंदुरबारकडची, विशीतली. तिनं माझ्या पाया पडून पाणी दिलं आणि शिडीच्या आडोशाला जाऊन बसली. दिवाळीच्या सुमारास ती बाळंत झाली होती आणि मुलगी बारसं व्हायच्या आतच गेली, एवढं मला निरोपातून कळलं होतं. पहिल्या भेटीत तो विषय मी काढला नाही. शांतानंही काढला नाही.

मी गल्ली बघायला बाहेर आले. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन तिथंच थांबले होते. पक्की गटारही तिथंच संपत होती. पुढं सांडपाणी मातीतून वाट काढत जात होतं.

"इथं का थांबलं?" मी शांताला विचारलं.

"तिथपर्यंत त्या गावाचं," ती म्हणाली. "आम्ही कोणत्या गावाचे ते अजून ठरलं नाही."

मग तिनं समजावून सांगितलं. दोन गावांच्या मधे एक ओढा आहे, तिकडं त्याला खाडी म्हणतात. पूर्वी खाडी हीच हद्द होती. पुढं कधीतरी एका मोठ्या पुरात खाडीनं वाट बदलली आणि जुन्या-नव्या वाटेच्या मधे जमिनीची एक लांब जीभ सुटली. अलीकडचं गाव म्हणे ती पलीकडच्यांची, पलीकडचं म्हणे अलीकडच्यांची. जमिनीसाठी माणसं डोकी फोडतात, पण ही जमीन कोणालाच नको होती. कारण ती घेतली की तिथल्या माणसांना दिवा, पाणी, गटार द्यावं लागलं असतं. प्लॉट मात्र विकले गेले, घरंही झाली.

त्या दोन गावांची नावं मी इथं लिहीत नाही. त्यांनी मला पाहुणी म्हणून जेवू घातलं आहे.

ठाकोरभाईंचा पोंक

दुसऱ्या दिवशी अलीकडच्या गावचे सरपंच ठाकोरभाई यांच्याकडं गेलो. पासष्टीचे, उंच, पांढरा सदरा. "आवो बेन, बेसो," म्हणून त्यांनी आम्हाला अंगणात खाटेवर बसवलं. आमच्या अहिराणीत गुजराती शब्द एवढे की त्यांचं बोलणं मला बरंचसं समजत होतं, आणि माझं त्यांना. अडलं तर हिंदी होतीच.

त्यांनी पोंक मागवला. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, पण चाल वेगळी. आपण शेतात आगटीभोवती बसून कणीस हातावर चोळतो आणि चटणी-गुळाबरोबर गरम गरम खातो. तिथं तो भाजून, झोडून, स्वच्छ करून ताटात येतो, वर लिंबू-मिऱ्याची शेव आणि सोबत ताक. अण्णांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "कोणत्या शेतातला?"

ठाकोरभाई म्हणाले, "विकतचा आहे. माझी पोंकाची जमीन ती." त्यांनी बोट केलं तिकडं तीन मजली घरांची रांग होती आणि गच्चीगच्चीवर पोरं पतंग उडवत होती.

"विकलीत?"

"मुलांनी विकायला लावली. मुलं आता शहरात आहेत, एक तर परदेशात. मी म्हटलं, मी इथंच राहतो." त्यांनी माझ्या ताटात अजून पोंक वाढला. "बेन, तुमची माणसं आली म्हणून मी दु:खी आहे असं समजू नका. माणसं पोटासाठी येणारच. पण आम्ही वेळेवर एकत्र बसलो नाही. तो म्हणे तुझं, मी म्हणे तुझं. तोवर गाव भरून गेलं."

तेवढ्यात देसाई साहेब आले. हे नियोजनाचे अधिकारी, शांत स्वभावाचे. दोन्ही गावांना एका खाटेवर आणण्यात त्यांची चार-पाच वर्षं गेली होती. त्यांनी अंगणात नकाशा पसरला आणि त्याच्या कोपऱ्यांवर पोंकाच्या वाट्या ठेवल्या. मला ते सगळं फार आवडलं. पिवळी घरं, हिरवी शाळा, निळी पाण्याची टाकी. खाडीच्या काठानं एक लांब लाल रस्ता होता. तो झाला की मधल्या सगळ्या वस्तीला दिवे, गटार आणि पाण्याची नळी मिळणार. ती वादातली जीभ दोन्ही गावांनी अर्धी-अर्धी वाटून घेतली होती. दिवाबत्ती एकानं करायची, सफाई दुसऱ्यानं.

"असं आपल्याकडं झालं तर!" मी अण्णांना म्हटलं. अण्णांनी मान डोलावली.

त्या संध्याकाळी शांतानं कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. भगवानराव दिवसपाळीवरून आले होते, राजू कामावर निघायच्या आधी जेवायला बसला होता. मी उत्साहात सांगत होते, "आता बघ शांता, खाडीच्या काठानं रस्ता होतोय. थेट काठाकाठानं. ती बाभळीची झाडी सगळी साफ करणार. तुमच्या दाराशी दिवा येईल."

मंगल भाकरी थापत होती. तिनं हातातला गोळा परातीत ठेवला, हात तसेच पिठाचे, आणि उठून शिडी चढून वर गेली. राजूनं ताट पुढं सारलं आणि कामावर निघून गेला. त्याचा डबा तिथंच राहिला.

मला काही कळेना. मी भगवानरावांकडं पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते.

शांता माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "ताई, तठे पोरं शेतस."

खाडीचा काठ

तिथं पोरं आहेत म्हणजे काय, ते मग तिनं सांगितलं. मोठं माणूस गेलं तर टेम्पोनं शहरातल्या तापीकाठच्या स्मशानात नेतात. लांब आहे, पण नेतात. तान्ह्या मुलाला मात्र आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. पुरायला जागा लागते. अलीकडच्या गावाचं स्मशान लहान. ते म्हणाले, तुम्ही आमच्या गावचे नाही. पलीकडच्या गावानंही तेच सांगितलं. मग कोणीतरी पहिल्यानं खाडीच्या काठावर, बाभळींमध्ये, आपलं मूल ठेवलं. जी जमीन कोणाची नव्हती तिथं हरकत घ्यायला कोणी नव्हतं. त्याच्यामागून दुसरा गेला, मग तिसरा. खान्देशातले, विदर्भातले, मराठवाड्यातले, ओडिशाकडचेही. राजूची मुलगी तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मावशी, माले तठे लई चाला."

तिला तिथं घेऊन जायचं होतं, कारण ती तिथं कधी गेलीच नव्हती. बाळंतीण होती, आणि आपल्याकडं बायका जात नाहीत. राजू आणि भगवानराव गेले होते. शांता नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "मी आहे ना तिच्याबरोबर."

आम्ही दोघी गेलो. घरांची शेवटची ओळ संपली की उतार लागतो. खाडीचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं, रंगाच्या कारखान्यांतून जे सोडतात त्याप्रमाणं ते बदलतं असं मंगल म्हणाली. काठावर कचऱ्याचे ढीग, साडीच्या काठांच्या कातरणी, आणि त्याच्या पलीकडं वेड्या बाभळींची दाटी. त्या दाटीत शिरल्यावर आवाज कमी झाले.

मातीचे लहान लहान उंचवटे होते. काही पावसानं बसून गेलेले, काहींवर जड दगड ठेवलेले, जनावरानं उकरू नये म्हणून. एकावर दुधाची बाटली होती. एकाला काळा मणी बांधलेली काडी टोचली होती. मी मोजले नाहीत. मोजवेनात.

मंगल पुढं पुढं जात होती. राजूनं तिला सांगितलं होतं, फुटक्या सिमेंटच्या नळीजवळ, बाभळीखाली. पण ती नळी तिथं नव्हती. कामासाठी माणसं आली होती, त्यांनी ती कुठंतरी सरकवली असावी. बाभळी तर सगळ्याच सारख्या. ती एका उंचवट्यापाशी वाकायची, थांबायची, पुढच्यापाशी जायची.

"मनी कोनती?" तिनं मला विचारलं. "मावशी, मनी कोनती?"

मी तिच्या पाठोपाठ नुसती चालत होते.

बाभळीच्या पलीकडून एक बाई आली. डोक्यावर भाजीची रिकामी पाटी. यवतमाळकडची होती, भाजी विकून परत जाताना रोज या वाटेनं जाते म्हणाली. मंगलकडं पाहून तिला सगळं समजलं. तिनं पाटी खाली ठेवली आणि मंगलच्या शेजारी बसली.

"माह्ये दोन हायेत इथं," ती म्हणाली. "मलेबी नाई माहीत आता नेमके कोठी. मी सगळ्यायलेच हात लावून जातो."

आणि तिनं खरंच जवळच्या एका उंचवट्यावर हात ठेवला. मंगलनं थोड्या वेळानं दुसऱ्यावर ठेवला. मग ती रडली. दिवाळीपासून ती रडली नव्हती, असं शांतानं मला नंतर सांगितलं.

बैठक

त्याच दिवशी दुपारी पलीकडच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात बैठक होती. त्या गावच्या सरपंच रमीलाबेन. माझ्यासारख्याच आरक्षणातून आलेल्या, पण माझ्याहून पुष्कळ लहान. त्यांच्या मिस्टरांनी एकदा मधेच बोलायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "तमे बेसो," आणि ते बसले. मला त्या आवडल्या.

दोन्ही गावची माणसं समोरासमोर सतरंजीवर बसली होती. देसाई साहेबांनी आराखडा वाचून दाखवला. एकेका मुद्द्यावर हात वर होत होते. पाण्याची टाकी मान्य. शाळा मान्य. खाडीकाठचा रस्ता मान्य. इतक्या वर्षांनी दोन गावं एका सुरात हो म्हणत होती. शेवटी रमीलाबेन म्हणाल्या, "महाराष्ट्रातून पाहुण्या सरपंच आल्या आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

त्यांना वाटलं असेल मी अभिनंदन करीन. मलाही तेच करायचं होतं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. सकाळचं मी त्यांना सांगितलं होतं. मी बोलले तर कदाचित जुळत आलेलं मोडणार होतं. जागा कोणाची हा प्रश्न पुन्हा उघडणार होता. नाही बोलले तर उत्तरायण झाल्यावर बाभळी उपटून काठ सपाट करायला यंत्र येणार होतं.

मी उभी राहिले आणि मोडक्या हिंदीत म्हटलं, "तुम्ही जे केलं ते आम्हाला अजून जमलेलं नाही. मी इथून शिकून जाणार आहे. पण काठावर बाभळींमध्ये लहान मुलं पुरलेली आहेत. माझ्या बहिणीची नातही आहे. नकाशात ती नाहीत. रस्ता करताना त्यांचं काय करणार, एवढंच मला विचारायचं आहे."

कोणी आश्चर्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं की सगळ्यांना माहीत होतं. देसाई साहेब सोडून सगळ्यांना. कोणी बोललं नव्हतं, कारण जो बोलेल त्याला पुढचा प्रश्न आला असता.

आणि तो आलाच. मागून एक जण म्हणाला, "ती बाजू तुमच्या वाट्याला आलीय, तुम्ही बघा." समोरून उत्तर आलं, "आमच्या वाट्याला रस्ता आलाय, मसण नाही." दोन्हीकडून माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, झालं, मी मोडलं.

देसाई साहेबांनी पेन्सिल घेतली. "रस्ता वळवता येतो का बघतो," ते म्हणाले आणि बराच वेळ नकाशावर वाकून राहिले. मग त्यांनी चष्मा काढला. "एका बाजूला खाडी आहे. दुसऱ्या बाजूला वळवला तर घरांची शेवटची ओळ जाईल. सगळी." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बेन, तुमच्या बहिणीचं घर कोणतं?"

मी नकाशावर बोट ठेवलं. त्याच ओळीत होतं.

मग ठाकोरभाई सावकाश उठले.

"एकदा पावसात एक माणूस माझ्या अंगणात आला होता," ते म्हणाले. "छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यानं विचारलं, कुठं ठेवू? मी म्हटलं, पलीकडच्या गावात विचार. तो म्हणाला, त्यांनीच तुमच्याकडं पाठवलं. मी त्याला आत ये म्हटलं नाही. तो तसाच पावसात खाडीकडं निघून गेला. त्याचं नावही मी विचारलं नाही." त्यांनी नकाशा स्वतःकडं ओढला. "माझ्या गावचं थोडं गोचर, तुमचं गायरान, राहिलंय. गुरं आता कोणाकडं आहेत? त्यातली जागा घ्या. दोन्ही गावांचं मिळून एक स्मशान करा. लहान मुलांसाठी वेगळा कोपरा ठेवा. पण एक लिहा. तू कोणत्या गावचा, हे तिथं कोणी कोणाला विचारायचं नाही."

रमीलाबेन म्हणाल्या, "लिहा. भिंत आणि पाणी आमच्या गावाकडून."

ते मान्य झालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रस्ताही जिथं होता तिथंच राहिला. पुढच्या मुलांसाठी जागा झाली. जी आधीच गेली होती त्यांच्यावरून रस्ता जाणार होता.

बैठकीहून परतताना अण्णा राजूच्या सपाता ओढत पुढं चालले होते. मग म्हणाले, "ताई, आपल्या शिवारात वीटभट्टीवर येतात ती माणसं, त्यांची पोरं मेली तर कुठं नेतात?" मला माहीत नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं. आता आमचं गाव आणि नगरपालिका पुन्हा बसतात तेव्हा कचरा आणि पाण्याच्या आधी हा विषय निघतो. तो अण्णाच काढतात. अजून आमच्याकडं काही ठरलेलं नाही, भांडण चालूच आहे, पण विषय निघतो.

शेवटचा दिवस

बैठकीत काय झालं ते मी मंगलला सांगितलं. घराचंही सांगितलं, लपवलं नाही. ती बराच वेळ परातीच्या कडेवरून बोट फिरवत बसली.

भगवानराव म्हणाले, "मी अन् राजू जाऊन बघतो. उचलून नव्या जागी नेऊ."

"कोणाला उचलून आणाल?" मंगल म्हणाली. सासऱ्यासमोर ती एवढं स्पष्ट पहिल्यांदाच बोलली असेल. "ओळखू येणार नाही तुम्हाला. दुसरीचं आणाल. राहू द्या सगळ्यांना एकत्र." मग ती माझ्याकडं वळली. "मावशी, तिचं नाव राहिलंय ठेवायचं."

आपल्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते. राजूला बहीण नाही. मंगल म्हणाली, तुम्हीच आत्या व्हा.

दुसऱ्या दिवशी शांतानं बारशाच्या घुगऱ्या शिजवल्या. दुपारी आम्ही काठावर गेलो तर ती भाजीवाली आधीच तिथं होती, आणि तिच्याबरोबर आणखी पाच-सहा बायका. तिनंच सांगितलं असणार. एक ओडिशाकडची होती. तिची भाषा आम्हा कोणालाच येत नव्हती, पण तिनंही पदरात फुलं आणली होती. एकेक बाई खाली बसून मातीशी तोंड नेऊन काहीतरी बोलत होती. काही मुलांना नावं होती, काहींना तिथंच मिळाली.

मी मंगलला विचारलं, "काय ठेवायचं?"

"दिवाळीची आहे. दीपाली."

"कुठं सांगू?"

"कुठंही सांगा. जाईल ऐकू."

मी गुडघे टेकून वाकले. बारशाला आत्या वाकली की मागून बायका तिच्या पाठीत हसत हसत गुद्दे मारतात. इथं कोणी मारले नाहीत. शांतानं आणि त्या भाजीवालीनं माझ्या पाठीवर नुसता हात ठेवला. मी जमिनीला तोंड लावून नाव सांगितलं आणि कुर्रर्र केलं. माती गार होती आणि तिला रंगाचा वास येत होता. मग शांतानं सगळ्यांना ओंजळ ओंजळ घुगऱ्या वाटल्या. त्या आम्ही तिथंच उभ्यानं खाल्ल्या.

संध्याकाळी राजू लूमवरून आला. मालकानं त्या दिवशी त्याची पाळी बदलली होती, त्यामुळं काठावर काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. शांतानं त्याला दारातच गाठून हळू आवाजात सगळं सांगितलं. तो ऐकत उभा राहिला. कानांत लूमचा आवाज बसलेला असल्यानं त्यानं एकदा पुन्हा विचारलं, "काय नाव?" शांतानं पुन्हा सांगितलं.

मंगल चुलीपाशी होती. आजवर तो तिला कशानंच हाक मारत नसे. नुसतं खाकरायचा. तो आत आला, भिंतीला टेकून खाली बसला. केसांत सुताचा पांढरा भुगा होता. थोडा वेळ तो तिच्या पाठीकडं बघत राहिला.

मग म्हणाला, "दीपालीनी माय, पानी दे."

मंगलनं मागं वळून पाहिलं. मग उठली, आणि तांब्या भरून घेऊन त्याच्याकडं गेली.